विमानाची कोलांटी आणि दहापैकी दहा

आपल्या पालेगावातल्या एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवर घरच्या मोठ्या माणसांसोबत जा आणि मान वर करा. त्या मोकळ्या आभाळात आपल्याला एक खोका ठेवायचा आहे, मनातल्या मनात. लांबी एक किलोमीटर, रुंदी एक किलोमीटर आणि उंचीही एक किलोमीटर. त्याचा तळ जमिनीला टेकवायचा नाही, तो १०० मीटर वर ठेवायचा. मग छत कुठवर जाईल? आपल्या दक्षिणेला माथेरानचा डोंगर आहे ना, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच? खोक्याचं छत त्याच्याही वर!

हा एक किलोमीटर तुम्ही चालत गेलात, तर साधारण १२ मिनिटं लागतील. आता ताशी ३०० किलोमीटर वेगाने जाणारं विमान घ्या. ते मिनिटाला ५ किलोमीटर जातं. मग आपला खोका ते किती वेळात पार करेल? करा हिशेब. बरोबर, १२ सेकंदांत!

आणि एवढ्याशा जागेत त्या विमानाने काय काय करायचं? सरळ वर चढायचं, उलटं व्हायचं, गिरक्या घ्यायच्या, गोल कोलांटी मारायची, आणि हे सगळं खोक्याच्या बाहेर न जाता. खाली खुर्च्या टाकून परीक्षक बसलेले असतात. ते प्रत्येक कसरतीला दहापैकी गुण देतात. या खेळाचं नाव एरोबॅटिक्स, म्हणजे विमानाच्या कसरतींची स्पर्धा.

खऱ्याखुऱ्या स्पर्धेसाठी पालेगावची जागा चालणार नाही बरं का! खाली दाट वस्ती आहे आणि वर मुंबईकडे जाणाऱ्या-येणाऱ्या विमानांची वर्दळ. अशी स्पर्धा गर्दीपासून दूर, एखाद्या लहान विमानतळावर घेतात आणि तेवढा वेळ तिथलं आकाश इतर विमानांसाठी बंद ठेवतात. खोक्याचे कोपरे आणि मध्य दाखवायला जमिनीवर मोठे पांढरे पट्टे अंथरलेले असतात. वैमानिक उलटा असला तरी ते पट्टे बघून आपण कुठे आहोत हे ओळखतो.

आधी कागदाचं विमान घ्या

विमान वळतं कसं, उलटतं कसं, हे कळायला कागदाचं एक साधं टोकदार विमान पुरतं. ते बनवा आणि दोन्ही पंखांची मागची कड अर्धा सेंटिमीटर वर दुमडा. आता जरा जोरात फेका. नाक वर जाईल. फेक चांगली जोरदार असेल, तर विमान हवेत पूर्ण कोलांटी मारेल!

आता एका पंखाची कड वर आणि दुसऱ्याची खाली दुमडा. या वेळी ते स्वतःभोवती गिरकी घेत जाईल. शेवटी दोन्ही कडा सरळ करा आणि मधल्या उभ्या घडीचं मागचं टोक जरासं डावीकडे वाकवा. विमानाचं नाक डावीकडे ओढलं जाईल.

झालं! खऱ्या विमानालाही हेच तीन भाग असतात. शेपटीच्या आडव्या पट्टीवर एलेव्हेटर, तो नाक वर-खाली करतो. पंखांच्या टोकांकडे एलेरॉन, ते विमानाला कुशीवर वळवतात. शेपटीच्या उभ्या भागावर रडर, तो नाक डावी-उजवीकडे नेतो. वैमानिकाच्या दोन पायांच्या मध्ये एक दांडा असतो, त्याला स्टिक म्हणतात. ती मागे ओढली की नाक वर, पुढे ढकलली की नाक खाली, बाजूला नेली की विमान त्या बाजूला कलतं. रडरसाठी पायाशी दोन पेडल असतात. इंजिनाचा जोर कमी-जास्त करायला हाताशी थ्रॉटल.

मोठमोठ्या कसरती याच चार गोष्टींनी होतात. फरक पडतो तो नेमक्या क्षणी नेमकं किती ओढायचं यात.

पहिली कोलांटी आणि दहा दिवसांची कैद

विमानाने उलटं व्हावं, हे पूर्वी कुणाला सुचतही नव्हतं. सरळ उडालं आणि सरळ उतरलं तरी मोठी गोष्ट होती!

१९१३ सालच्या ऑगस्ट महिन्यात आदोल्फ पेगू नावाच्या फ्रेंच वैमानिकाने चालत्या विमानातून पॅराशूट घेऊन उडी मारली. तो खाली येत होता आणि त्याचं वैमानिकाविना राहिलेलं विमान हवेत वेड्यावाकड्या उलट्या-पालट्या खात होतं. पेगू ते बघत राहिला. त्याच्या मनात आलं, विमान एकटं असताना उलटून पुन्हा सरळ होतं, तर मग मी आत बसून ते का करू नये? सप्टेंबर उजाडला आणि त्याने विमान उलटं उडवून दाखवलं.

पण पूर्ण उभी कोलांटी, म्हणजे लूप, मारण्यात एक रशियन सेनाधिकारी पुढे गेला. त्याचं नाव प्योत्र नेस्तेरोव्ह. ९ सप्टेंबर १९१३ रोजी कीव्ह शहराजवळ त्याने आपलं न्यूपोर विमान वेगात खाली आणलं, स्टिक ओढली आणि आकाशात गोल काढून परत सरळ झाला. सगळे अवाक झाले! बक्षीस काय मिळालं? दहा दिवसांची कैद! सरकारी विमान धोक्यात घातलं, हा गुन्हा. पुढे वरिष्ठांना त्याच्या कामाचं महत्त्व कळलं आणि त्याला बढती मिळाली. पेगूनेही त्याच महिन्यात लूप मारला आणि त्याची प्रात्यक्षिकं पाहायला लोकांची झुंबड उडू लागली.

नेस्तेरोव्हने उगाच धाडस केलं नव्हतं. त्याने आधी गणित मांडलं होतं. हवेत कुठल्याही स्थितीत विमान सावरता येतं, हे त्याला सिद्ध करायचं होतं. ते गणित आपणही करून बघू.

उलटं झाल्यावर वैमानिक पडत का नाही?

मोकळ्या अंगणात जा. लहानशा बादलीत अर्ध्यापर्यंत पाणी घ्या आणि हात ताठ ठेवून ती जोरात उभी गोल फिरवा. एक फेरी दीड सेकंदाच्या आत पूर्ण झाली, तर बादली डोक्यावर उलटी आली तरी पाणी सांडत नाही. सावकाश फिरवलीत, तर मात्र अंघोळ झालीच म्हणून समजा! पाण्याला सरळ रेषेत पुढे पळायचं असतं, पण बादलीचा तळ त्याला सारखा गोलात वळवत राहतो. म्हणून पाणी तळाशी दाबलेलं राहतं. लूपच्या माथ्यावर वैमानिक उलटा असतो, तेव्हा विमानाची खुर्ची त्याला अशीच गोलात वळवत असते.

आता आकडे घालू. समजा, विमान ताशी २५० किलोमीटर वेगाने लूपमध्ये शिरलं आणि त्या गोलाची त्रिज्या ८० मीटर आहे. म्हणजे लूप १६० मीटर उंच झाला. वर चढताना वेग कमी होत जातो. इंजिनाची मदत आणि हवेचा अडथळा बाजूला ठेवले, तर माथ्यावर वेग उरतो ताशी सुमारे १४८ किलोमीटर.

या विमानात ३० किलो वजनाचं मूल वजनकाट्यावर बसलंय असं समजा. लूपच्या अगदी खालच्या टोकाला काटा दाखवेल सुमारे २१० किलो! कारण तिथे जवळजवळ सातपट वजन जाणवतं. याला वैमानिक ७ जी म्हणतात. आणि माथ्यावर, जिथे डोकं जमिनीकडे आहे, तिथे काटा किती दाखवेल? सुमारे ३४ किलो. म्हणजे जवळजवळ नेहमीइतकंच! डोळे मिटले असतील, तर आपण उलटे आहोत हे त्या मुलाला कळणारही नाही.

खालच्या टोकाला मात्र अंगाची परीक्षा असते. सातपट वजन म्हणजे हातही सातपट जड, डोकंही सातपट जड. रक्त पायांकडे ओढलं जातं आणि मेंदूला कमी पडू लागतं. मग डोळ्यांसमोरचे रंग फिके होतात, कडेने काळोख दाटतो. म्हणून वैमानिक पायांचे आणि पोटाचे स्नायू घट्ट आवळतात, छोटे छोटे श्वास घेतात आणि रक्त वर टिकवून धरतात. हे एका दिवसात जमत नाही. थोडं थोडं वाढवत शरीराला सवय लावावी लागते.

आता लूपमधली खरी मेख ऐका. स्टिक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच ओढून धरली, तर गोल येतच नाही. वर गेल्यावर वेग कमी होतो, त्यामुळे वरचा भाग आवळला जातो आणि आकृती चेपते. म्हणून खाली जोरात ओढायचं, माथ्यावर हात सैल सोडायचा, उतरताना पुन्हा ओढत जायचं. शिवाय वारा विमानाला एका बाजूला ढकलत असतोच. परीक्षक बघतात तो जमिनीवरून दिसणारा गोल. वाऱ्याची सबब चालत नाही!

उलटं विमान, उलटी टाकी

साधं विमान फार वेळ उलटं ठेवलं, तर त्याचं इंजिन बंद पडू शकतं. का? पेट्रोल टाकीच्या तळाशी असतं आणि तिथूनच नळी ते ओढून घेते. टाकी उलटी झाली, की पेट्रोल दुसऱ्या बाजूला जातं आणि नळीच्या तोंडाशी नुसती हवा राहते. कसरतींच्या विमानात यावर एक सुंदर युक्ती केलेली असते. छोट्या टाकीत एक लवचीक नळी सोडतात आणि तिच्या टोकाला वजन लावतात. विमान उलटलं, की पेट्रोल जिकडे जातं तिकडेच वजनही पडतं आणि नळीला ओढून नेतं. पेट्रोल तिला चुकवूच शकत नाही.

पंखही वेगळे. साध्या विमानाच्या पंखाची वरची बाजू जास्त फुगीर असते. कसरतींच्या विमानाचा पंख वरून आणि खालून सारखाच फुगीर असतो, म्हणून तो सुलटा जेवढा चांगला उडतो तेवढाच उलटाही. जर्मनीत तयार होणारं एक्स्ट्रा ३०० हे या खेळातलं नावाजलेलं विमान. ते १० जीपर्यंतचा ताण सोसू शकतं आणि स्वतःभोवतीची पूर्ण गिरकी, म्हणजे रोल, एका सेकंदाच्या आत घेऊ शकतं. अमेरिकेच्या कर्टिस पिट्स यांनी बनवलेलं पिट्स स्पेशल हे दोन मजली पंखांचं चिमुकलं विमान आणि रशियाचं सुखोई २६ ही याच खेळातली मोठी नावं.

विमानात बसण्याआधी वैमानिक काय करतो माहीत आहे? खिसे रिकामे! पेन, नाणं, किल्ली, काहीही आत राहता कामा नये. उलटं झाल्यावर एखादं नाणं घरंगळून स्टिकच्या खाली अडकलं तर काय होईल, विचार करा. मग पाठीला पॅराशूट, खांद्यांवरून, कमरेवरून आणि पायांमधून जाणारे पट्टे. ते इतके करकचून आवळतात, की उलटं झाल्यावर अंग खुर्चीपासून बोटभरही सुटत नाही.

घाबरवणारी गिरकी कशी सुटली

पंख हवेत सपाट गेला, तर हवा त्याच्यावरून सुरळीत वाहते. नाक फार वर उचललं, सुमारे १५ अंशांच्या पलीकडे, की हवा पंखाला धरून राहत नाही. पंखाची उचल एकदम ढासळते. याला स्टॉल म्हणतात. त्यात एक पंख दुसऱ्याच्या आधी ढासळला, तर विमान गरगर फिरत खाली येऊ लागतं. हा झाला स्पिन. सुरुवातीच्या काळात स्पिन म्हणजे मृत्यूच, असं वैमानिक मानत. स्टिक मागे ओढून नाक वर करायला जावं, तर गिरकी आणखी घट्ट व्हायची!

२५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडमध्ये विल्फ्रेड पार्क नावाचा नौदलातला अधिकारी अशाच स्पिनमध्ये सापडला. सोबत एक प्रवासीही होता. जमीन वेगाने जवळ येत होती. सुचेल ते करून झालं आणि शेवटी त्याने गिरकीच्या उलट बाजूचा रडर पूर्ण दाबला. गिरकी थांबली! तेव्हा विमान जमिनीपासून जेमतेम पंधरा मीटरवर होतं. पार्कने काय केलं, कधी केलं, विमान कसं वागलं, हे त्याने जाणकारांना बारकाईने सांगितलं. पुढच्या वैमानिकांचे जीव त्यामुळे वाचले.

आज स्पिन ही स्पर्धेतली एक आकृती आहे. वैमानिक तो मुद्दाम सुरू करतो, एक किंवा दीड अशा ठरलेल्या फेऱ्या घेतो आणि नेमक्या दिशेला थांबवतो. ज्या गोष्टीची भीती वाटत होती, तिचं कारण कळलं आणि ती शिकण्याजोगी झाली. म्हणूनच लढाऊ विमानांच्या वैमानिकांना कसरती शिकवतात. विमान कसंही उलटंपालटं झालं, तरी हात-पाय आपोआप योग्य ते करतात.

कसरती लिहायच्या कशा?

एकापाठोपाठ दहा-बारा आकृत्या करायच्या, तर त्या लक्षात कशा ठेवायच्या? स्पेनचे वैमानिक होसे लुईस आरेस्ती यांनी यासाठी चिन्हांची एक पद्धत तयार केली. १९६०च्या दशकात ती जगभरच्या स्पर्धांनी स्वीकारली. आजही तीच चालते.

चिन्हं सोपी आहेत. ठिपका म्हणजे आकृतीची सुरुवात, शेवटी एक छोटी उभी रेघ. सलग रेघ म्हणजे विमान सुलटं, तुटक रेघ म्हणजे उलटं. रेघेवर वक्र बाण म्हणजे रोल. त्रिकोण दिसला की समजा, स्पिन किंवा झटक्याची गिरकी. वैमानिक या चिन्हांचा कागद समोरच्या पट्टीवर चिकटवून उडतो.

प्रत्येक आकृतीला अवघडपणाचा एक आकडा दिलेला असतो. समजा, तो आकडा १० आहे आणि परीक्षकाने ८.५ गुण दिले. मग मिळाले ८५. अवघड आकृतीचा आकडा मोठा, म्हणून ती चांगली जमली तर जास्त मिळतात आणि बिघडली तर जास्त जातात.

गुण कापायचे कसे, तेही ठरलेलं आहे. पाच अंश चूक झाली की अर्धा गुण गेला. सरळ वर जाणारी रेघ पाच अंश कलली, अर्धा गुण. गिरकी दहा अंश आधीच थांबली, एक गुण. चूक ४५ अंशांहून मोठी असेल किंवा भलतीच आकृती केली, तर शून्य! विमान किती जवळून गेलं, आवाज किती झाला, प्रेक्षकांच्या छातीत किती धडधडलं, याला एकही गुण नाही. रेघ सरळ होती का, गोल गोल होता का, तेवढंच बघायचं.

कंपासपेटीतला कोनमापक काढा आणि पाच अंश म्हणजे किती, ते बघा. इतका बारीक फरक खालून, पाचशे मीटरवरच्या विमानात परीक्षकाला दिसतो. वैमानिकाने तो चुकवायचा तोही जोराने खुर्चीत दाबलं जात असताना. हा खेळ मला इतका आवडतो तो यासाठी. धाडस तर लागतंच, पण धाडसाला इथे गुण नाहीत. गुण आहेत ते नेमकेपणाला.

उडण्याआधीचा नाच

जागतिक स्पर्धा १९६० साली ब्रातिस्लाव्हा शहरात सुरू झाल्या आणि पहिला विजेता ठरला चेकोस्लोव्हाकियाचा लादिस्लाव बेझाक. या स्पर्धांचे काही भाग आधीच माहीत असतात, त्यांचा महिनोन्‌महिने सराव करता येतो. पण एका भागाचं नावच आहे ‘अननोन’. त्यातला आकृत्यांचा क्रम स्पर्धेच्या ठिकाणीच हातात पडतो आणि विमानात बसून त्याचा सराव करायला सक्त मनाई असते. थेट परीक्षकांसमोरच उडायचं!

मग वैमानिक काय करतात? नाचतात! मैदानाच्या कडेला प्रत्येक जण आपापल्या जागी उभा असतो. डोळे अर्धवट मिटलेले, एका हातात कागद, दुसऱ्या हाताचा तळवा विमान झालेला. दोन पावलं पुढे, तळवा उलटा, मान मागे, गर्रकन वळण, परत तळवा सुलटा. कुणी कुणाकडे बघत नाही, कुणी हसत नाही. कुठे डावीकडे वळायचं, कुठे उलटं राहायचं, पट्टे कुठल्या खांद्यावरून दिसतील, हे सगळं अंगात मुरेपर्यंत चालतात. आकाशात विचार करायला वेळच नसतो ना!

नाव पुकारलं, की विमान वर जातं, खोक्यात शिरण्याआधी तीन वेळा पंख हलवतं. म्हणजे, मी सुरू करतोय. संपलं की पुन्हा तीन वेळा. इथे स्त्रिया आणि पुरुष एकाच आकाशात, त्याच आकृत्या करतात. रशियाच्या स्वेतलाना कापानिना यांनी महिलांचं जागतिक विजेतेपद सात वेळा मिळवलं आहे.

नवख्यांना कुणी एकदम या दर्जाला उभं करत नाही. अमेरिकेतल्या स्पर्धांत पाच पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर लूप, रोल, स्पिन आणि वळण अशा मोजक्या आकृत्या असतात. गंमत म्हणजे, नवख्यांच्या खोक्याचा तळ सगळ्यात उंच असतो, जमिनीपासून सुमारे ४५० मीटर. चूक झाली तर सावरायला जागा हवी. जसजसा हात बसतो, तसतसा तळ खाली येतो आणि शेवटच्या पायरीवर १०० मीटर होतो. शिकाऊ वैमानिकासोबत अनुभवी वैमानिकही विमानात बसू शकतो.

बीदरचे सूर्यकिरण

आपल्याकडे विमानाच्या कसरती म्हटलं, की भारतीय हवाई दलाचं सूर्यकिरण पथक आठवतं. त्याचं घर आपल्याला जवळचं आहे. लातूर आणि नांदेडला लागून असलेला, बऱ्याच घरांत मराठी ऐकू येणारा कर्नाटकातला बीदर जिल्हा. तिथल्या हवाई तळावर १९९६ साली हे पथक सुरू झालं. आधी भारतातच तयार झालेली किरण विमानं होती, २०११ मध्ये पथक काही काळ थांबलं आणि मग लाल-पांढऱ्या हॉक विमानांसह परतलं. त्याच्याही आधी, १९८२ साली सुरू झालेलं हवाई दलाचं थंडरबोल्ट्स नावाचं पथक हंटर विमानांवर कसरती करत असे. जानेवारी २०२४ मध्ये मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर सूर्यकिरण आले, तेव्हा तुमच्यापैकी काही जण लोकल पकडून गेलेही असतील.

सूर्यकिरण गुणांसाठी उडत नाहीत, ते लोकांना दाखवण्यासाठी उडतात. पण नेमकेपणा तोच, किंबहुना नऊपट! नऊ विमानं एकत्र उडतात आणि दोन विमानांच्या पंखांत पाच मीटरपेक्षाही कमी अंतर असतं. हे जमतं कसं? पुढारी वैमानिक सोडला, तर बाकीचे समोर बघतच नाहीत! प्रत्येकाची नजर शेजारच्या विमानावरच्या ठरलेल्या खुणांवर खिळलेली असते. त्या खुणा एका रेषेत दिसल्या, की आपण जागेवर आहोत. त्या हलल्या, की स्टिक केसभर हलवायची. पुढारी लूपमध्ये शिरला, की सगळेच शिरतात, त्याच्या हातावर आणि डोक्यावर विश्वास ठेवून.

आणि तो धूर? तो जळण्याचा धूर नव्हे. इंजिनाच्या तापलेल्या झोतात डिझेल सोडतात. त्याची लगेच वाफ होते आणि बाहेरच्या थंड हवेत तिचे बारीक थेंब होतात. आपल्याला दिसतो तो त्या थेंबांचा पट्टा. रंग मिसळला, की केशरी, हिरवा.

जुहूचा पहिला परवाना

एरोबॅटिक्सच्या स्पर्धांचे नियम पाहणारी जागतिक संस्था आहे एफएआय. ती १९०५ साली स्थापन झाली. तिच्या नावाने मिळणारा वैमानिकाचा परवाना भारतात सर्वांत आधी कुणी मिळवला, ठाऊक आहे? जे. आर. डी. टाटा यांनी! तारीख होती १० फेब्रुवारी १९२९ आणि परवान्यावर क्रमांक होता १. ते शिकले बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये, आपल्या मुंबईच्या जुहूला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते एका छोट्या पस मॉथ विमानातून टपाल घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. टाटांची विमानसेवा तिथून सुरू झाली.

आता तुमची पाळी

खडूने सोसायटीच्या अंगणात एक चौकोन आखा. कागदावर पाच आकृत्यांचा क्रम लिहा: सरळ रेघ, लूप, अर्धा रोल, उलटी रेघ, वळण. चिन्हं वर दिलीच आहेत. एकाने तळव्याचं विमान करून तो क्रम चालून दाखवायचा, तिघांनी परीक्षक व्हायचं. चौकोनाच्या बाहेर पाऊल पडलं, की गुण कापायचा. मग कागद अदलाबदल करा आणि मैत्रिणीने लिहिलेला क्रम सरावाशिवाय चाला. तुमचा ‘अननोन’!

त्याहून पुढे जायचं असेल, तर शाळा-कॉलेजात एनसीसी आहे का ते विचारा. तिच्या हवाई शाखेत विमानांच्या प्रतिकृती बनवायला आणि उडवायला शिकवतात, त्यांच्या स्पर्धाही होतात. प्रतिकृतींनी लूप आणि आठचे आकडे काढायचे, परीक्षकांनी गुण द्यायचे, असा जागतिक खेळ एफएआयच्याच नियमांनी चालतो. पुण्यात हडपसरला ग्लायडिंग केंद्र आहे, तिथे इंजिन नसलेलं विमान उडवायला शिकवतात का, तेही विचारा. आणि गणित, भौतिकशास्त्र सोडू नका. लूपचा हिशेब आपण आत्ताच केला ना?

कुठेही गेलात तरी शिकवणारे पहिल्या दिवशी कोलांटी शिकवणार नाहीत. ते सांगतील, नाक क्षितिजावर ठेव, पंख सपाट ठेव, उंची बदलू देऊ नकोस आणि सरळ जा. ऐकायला सोपं वाटतं. पण वारा आहे, इंजिनाची ओढ आहे, आपलाच हात थरथरतोय. ती सरळ रेघ दहापैकी दहाची झाली, की मग कोलांटी शिकायची.